वरून खाली, खालून वर: पुनर्वसन इमारतींत आरोग्याचं काम सुरू करताना

मुंबईतल्या एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या) इमारती आणि रेल्वे-रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांच्या वसाहती, म्हणजे गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाक्याची पीएमजी कॉलनी, इथे आरोग्याचं काम करायला येणारे नवे कार्यकर्ते बहुतेक वेळा एकाच चुकीने सुरुवात करतात. तळमजल्यावर टेबल मांडतात, बॅनर लावतात आणि शिबिर घेतात. दीडशे माणसं तपासली जातात, फोटो निघतात. पण लिफ्ट बंद असलेल्या सात मजली इमारतीत तळमजल्यावरच्या शिबिराला येतात ते ज्यांना जिना उतरता येतो ते. ज्यांच्यासाठी खटाटोप करायचा, ते वरच राहतात.

या इमारतींत आजार मजल्यानुसार बदलतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. जुन्या खोल्या २२५ चौरस फुटांच्या, नंतरच्या २६९ आणि आता ३०० चौरस फुटांच्या. दोन इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर. त्यामुळे खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये सुरुवातीला नावं घेतलेल्या तिन्ही वसाहतींची पाहणी मांडली, तेव्हा टीबीचा संबंध खालच्या मजल्यांवरच्या अपुऱ्या उजेडाशी आणि हवेशी असल्याचं दिसलं. वरच्या मजल्यांचं दुखणं वेगळं: गच्चीचा स्लॅब तापतो, पाणी कमी दाबाने येतं आणि गुडघे गेलेली माणसं महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. म्हणून घरभेटी वरून खाली करायच्या आणि हवा-उजेडाचं काम खालून वर.

पहिले दोन आठवडे: फक्त फिरणं

या काळात मशीन बाहेर काढू नका. वही, पेन आणि चांगली चप्पल पुरे. प्रत्येक इमारतीचं एक पान करा. त्यावर आडव्या ओळी म्हणजे मजले, चौकटी म्हणजे खोल्या. विंग, मजला, खोली नंबर याच क्रमाने लिहा, कारण नावं बदलतात आणि खोली नंबर बदलत नाही. चौकटीत काय भरायचं: घरात माणसं किती, पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, साठीच्या पुढचं माणूस, आणि दार बंद असेल तर तारीख.

सोसायटीकडून यादी मिळेल, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्यात ज्याला खोली मिळाली त्याचं नाव असतं. प्रत्यक्षात तिथे भाडेकरू राहत असतो आणि त्याला सोसायटीच्या माणसासमोर फार बोलायचं नसतं. ‘तुमची खोली स्वतःची का?’ हा प्रश्न विचारूच नये. आरोग्याच्या कामाला त्याचं उत्तर लागत नाही आणि तो विचारल्यावर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

ओळखी कोणाच्या हव्यात? अध्यक्ष-सचिवांच्या अर्थातच, कारण परवानगी त्यांची. पण खऱ्या उपयोगाची माणसं म्हणजे महापालिकेच्या आरोग्य केंद्राची आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका, पंप चालवणारा माणूस, जिना झाडणारी मावशी आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. सेविकांना पहिल्याच दिवशी भेटा. त्या इथे वर्षानुवर्षं फिरताहेत. तुम्ही त्यांच्याशिवाय काम सुरू केलंत, तर एकाच घरात दोन वह्या तयार होतात आणि लोक वैतागून दोघांनाही हाकलतात.

वेळ पाळा. पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात उभं राहू नका. बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, पुरुष रविवारी सकाळी. मुसलमान वस्तीत शुक्रवारची दुपार सोडा. बोलावताना मावशी, काकू, दादा, चाचा, खाला, आपा, समोरचं माणूस जसं असेल तसं. मराठीचा हट्ट नको. या इमारतींची भाषा मुंबईची हिंदी आहे.

वरच्या मजल्यांपासून: अडकलेल्यांची यादी

सातव्या मजल्यावरून सुरू करा. एकच प्रश्न विचारा: ‘घरातलं कुणी महिनाभरात खाली उतरलं नाही, असं आहे का?’ हो म्हणाले की त्या चौकटीवर लाल खूण. लकवा झालेले, डायलिसिसचे, दम्याचे, नवव्या महिन्यातल्या गरोदर बायका, सगळे या यादीत येतात. लिफ्ट का बंद आहे तेही विचारून घ्या. बहुतेकदा कारण मेंटेनन्सच्या थकबाकीत किंवा वीजबिलात सापडतं. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सोसायटीच्या बैठकीत बसणं हे आरोग्याचंच काम आहे. नव्या कार्यकर्त्यांना ते पटायला वेळ लागतो.

लाल खुणेच्या घरांत माणूस खाली न्यायचा कसा, हे आधीच ठरवून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका गेटपर्यंत येते, पण अरुंद जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही. सरळ पाठीची, चाकं नसलेली, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची लागते. प्लास्टिकची नको, तिचा पाय मधल्या जिन्यात मोडतो. रुग्णाला बसवून छातीपाशी आणि मांड्यांवरून ओढणी बांधा. रुग्णाचं तोंड उताराकडे. एक जण मागून पाठ धरतो, दुसरा पुढून खुर्चीचे पाय, तिसरा दोन पायऱ्या पुढे राहून वाट मोकळी करतो. मागचा माणूस जास्त ताकदीचा हवा. पडून मान किंवा पाठीला मार लागला असेल, तर मात्र खुर्चीत बसवू नका, १०८ च्या माणसांची वाट बघा. प्रत्येक विंगमधल्या चार तरुणांना एका रविवारी हे करून दाखवा. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोलणं अडखळणं, ही लकव्याची लक्षणं दिसल्यापासून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला अर्धा तास जिन्यात गेला तर फार झाला.

बीपी आणि साखर

सामान: दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन (मनगटाचं नको), मध्यम आणि मोठा असे दोन पट्टे, मोजपट्टी, ग्लुकोमीटर, पट्ट्या, प्रत्येकाला नवी लॅन्सेट, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड, न टोचणारा झाकणाचा डबा.

बीपी चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. माणूस पाच मजले चढून आलाय आणि आपण लगेच पट्टा गुंडाळतो. पाच मिनिटं गप्प बसवा, आकडा उतरतो. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी झालेली नको. लघवी लागलेली नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नाही, दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नाही, उघड्या दंडावर. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. मोजताना बोलू नका, बोलू देऊ नका. दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

१४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून दवाखान्यात पाठवा. १८० वर ११० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं असेल तर १०८. ‘तुम्हाला बीपी आहे’ असं आपण म्हणायचं नाही. ते डॉक्टर म्हणतील.

साखरेसाठी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकताच आंबा कापलेल्या बोटाची साखर अडीचशेही येते. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर ओलाव्याने पट्ट्या बिघडतात. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. जेवणाशी संबंध न धरता घेतलेली साखर १४० किंवा जास्त आली तर उपाशीपोटी तपासणीसाठी पाठवा. ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा.

तिशीच्या पुढच्यांसाठी आरोग्य सेविका सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका मोजायची प्रश्नावली) भरतात. त्यात गुण ४ च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. फॉर्म भरताना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बायका नाही म्हणतात. मिश्री वेगळी विचारावी लागते. बऱ्याच जणींच्या लेखी ती तंबाखू नसून मंजन असतं. तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा उभी धरलेली तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर दंतवैद्याकडे पाठवा.

आहाराबद्दल व्याख्यान नको. मिठाचा हिशेब करा. दिवसाला माणशी ५ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. ‘पिशवी किती दिवसांत संपते?’ एवढं विचारा. महिन्यात संपत असेल तर बाई स्वतःच गणित करते. पापड, लोणचं, फरसाण, वडापाव यांतलं मीठ वर आणखी वेगळं, हे तिला सांगा.

खालच्या मजल्यांपासून: टीबी

दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं. यातलं एकही असेल तर थुंकी तपासायची. घरात आधीचा टीबीचा रुग्ण असेल, मधुमेह असेल किंवा मूल लहान असेल, तर दोन आठवडे थांबू नका.

डबीत लाळ गेली तर नमुना वाया जातो. साध्या पाण्याने चूळ भरून, दोनतीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. निदान २ मिलिलिटर घट्ट बेडका हवा. हे काम गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात करा. जिन्यात किंवा बाथरूममध्ये कधीच नाही. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. दुसरा नमुना सकाळी उठल्याउठल्याचा. प्रत्येक नमुना ज्या त्या दिवशीच केंद्रात पोचवा.

नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. औषध सुटतं ते साधारण दोन ठिकाणी. पहिल्याच आठवड्यात लघवी केशरी होते, माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. ते औषधाचाच रंग आहे, हे गोळी सुरू व्हायच्या आधी सांगा. दुसरं ठिकाण दीड-दोन महिन्यांनी: खोकला जातो, वजन वाढतं, ‘बरा झालो’ म्हणून सोडतो. त्या आठवड्यात भेट चुकवू नका. डोळे पिवळे झाले किंवा सारखी उलटी होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) थेट खात्यात येतात. आले नाहीत तर आधार आणि पासबुकावरची नावं जुळतात का ते आधी बघा. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून आजार नसल्याची खात्री झाली, की प्रतिबंधक औषधाबद्दल केंद्रात विचारा, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर हमखास. टीबीसाठीचा सरकारी मदत क्रमांक १८००-११-६६६६.

आणि पॅसेजमध्ये ‘टीबी’ हा शब्द उच्चारू नका. भिंती पातळ आहेत. भाडेकरूचा आजार कळला की त्याची खोली जाते. रुग्णाकडे जाताना शेजारच्या दोन घरांतही बीपी मोजा, म्हणजे तुमच्या फेरीवरून कुणी अंदाज बांधणार नाही. रुग्णांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवणं हा या कामातला सर्वांत मोठा गुन्हा समजा.

खिडकी बंद का असते

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात आणि कुणीच पाळत नाही. कारण साखळीत शोधा. वरच्या मजल्यांवरून दोन इमारतींमधल्या फटीत आणि डक्टमध्ये कचऱ्याच्या पिशव्या पडतात. तिथे वास, माशा, उंदीर. म्हणून खालचे खिडकी लावून घेतात. शिवाय समोरच्या घरातलं माणूस तीन मीटरवर. वर टाकलेल्या पिशवीने खाली हवा बंद होते.

म्हणून क्रम असा. आधी फट साफ करून घ्या. वॉर्डच्या घनकचरा विभागाकडे सोसायटीच्या सहीने लेखी तक्रार, पोच घेऊन. मग प्रत्येक मजल्यावर कचरा घ्यायला ठरलेल्या वेळी माणूस, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. त्यानंतर खालच्या मजल्यांना व्हेल्क्रोच्या पट्टीवर नायलॉनची जाळी, जी काढून धुता येते. अर्ध्या उंचीचा पडदा लावला की आडोसाही राहतो आणि वरून हवा येते. खिडकीच्या ग्रिलमध्ये रचलेले डबे, गाद्या, सायकल उतरवा. स्वयंपाक चालू असताना मुख्य दाराचं लाकडी दार उघडं, जाळीचं बंद. एक्झॉस्ट पंखा लावणार असाल तर एक लक्षात घ्या: सगळं बंद करून पंखा चालवला तर तो काही ओढत नाही. हवा आत यायला समोरून वाट हवी.

पाणी आणि डास

जमिनीखालची सक्शन टाकी ड्रेनेजच्या चेंबरजवळ असते, तिथेच घात होतो. जुलाबाच्या केसेस एकाच विंगमध्ये दिसल्या की ओटी टेस्टचं किट घेऊन तीन जागी क्लोरीन बघा: पालिकेची लाइन आत येते तिथे, सक्शन टाकीत, आणि वरच्या मजल्याच्या नळाला. लाइनवर पिवळा रंग येतो आणि नळाला येत नाही, तर दोष इमारतीच्या आत आहे. लाइनवरच नसेल तर वॉर्डच्या पाणी खात्याला कळवा. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं.

तोपर्यंतचा उपाय: ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला अडीच ग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास पंप बंद. मग पुन्हा टेस्ट. उघडी पडलेली पावडर पावसात निकामी होते. ती टाकून टेस्टमध्ये रंग येत नाही आणि लोक मापच दुप्पट करतात. पावडर बदला, माप नाही. टाकीत साफसफाईला कुणालाही थेट उतरवू नका. झाकण बराच वेळ उघडं ठेवून, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवूनच, आणि कसलाही वास येत असेल तर ते काम या कामाच्या ठेकेदाराचं. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक. पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्ध्या ग्लासात चिमूट नाही.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा. ड्रम, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली. ड्रम नुसता रिकामा करून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, घासावं लागतं. मलेरियाचा शहरी डास गच्चीवरच्या टाकीत. तिचं झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी, ही दोनच कामं, पण गच्चीची चावी शोधण्यातच जून उजाडतो. साचलेल्या पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारायचं. गरोदर बायका आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं, म्हणून शेजारणीच्या गोळ्या वाटून घेऊ नयेत.

मनाचं आणि कागदाचं

पुनर्वसनात खोल्या लॉटरीने मिळतात. वीस वर्षांचा शेजार एका दिवसात तुटतो, म्हातारी माणसं अनोळखी पॅसेजमध्ये एकटी पडतात. झोप लागत नाही, जेवण नको वाटतं, अशा घरात पुन्हापुन्हा जा आणि १४४१६ (टेली-मानस, मनाच्या आजारांसाठी सरकारी फोनसेवा) चिठ्ठीवर लिहून द्या. जीव द्यायचं बोलणाऱ्याला एकटं सोडू नका. मारहाणीबद्दल सासू-नवऱ्यासमोर विचारू नका. बीपी मोजायला वेगळं बसवता येतं, तेव्हा विचारा. महिलांसाठी १८१.

कागदांचा घोळ वेगळाच. माणूस इथे आणि रेशनकार्ड जुन्या पत्त्यावर. ऑपरेशनची वेळ आली की महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच कार्ड आणि आधार लागतं. पत्ता बदलायचं काम तब्येत ठीक असतानाच करून घ्या.

वहीत शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवा: ‘कुठे पाठवलं’ आणि ‘पोचले का’. दर पंधरा दिवसांनी दुसरा रकाना भरायला त्याच दारात जा. पोचले नसतील तर कारण एका शब्दात: रांग, रोजंदारी, जिना, भीती. रोजंदारीवाल्यांना संध्याकाळी उघडा असणारा पालिकेचा ‘आपला दवाखाना’ दाखवा, जिन्यावाल्यांसाठी डॉक्टरांना वर आणायची तजवीज करा. किती तपासले हा आकडा कुणी मागितला तर द्या, पण तुमच्या बैठकीत आधी हा दुसरा रकाना वाचा.

वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चार नंबर चिकटवा: आरोग्य सेविका, पंपवाला, लिफ्टचा ठेकेदार आणि गच्चीची चावी ज्याच्याकडे असते तो.